कट्ट्यावरचे अंगठे

७ जुलै, सोमवार

उन्हाळाभर आमच्या मालकांच्या, अण्णांच्या मागे लागले होते. आज हो म्हणाले. म्हणजे 'हो' असं नाहीच म्हणाले. चहाची बशी खाली ठेवली आणि, "कर काय करायचं ते. गणपती बसूस्तवर बघू. नाय चाललं तर बंद, आन तू परत बिलिंगला."

बिलिंग म्हणजे आळेफाट्याच्या आमच्या रोपांच्या नर्सरीच्या बुकिंग ऑफिसातली ती काचेची पेटी. आत बसलं की बाहेरचं बोलणं ऐकू येत नाही, शेतकऱ्यांची नुसती तोंडं हलताना दिसतात. त्यात काही वर्षं काढलीत. परत जायचं नाही. काहीही होवो.

कट्टा नाव मीच ठेवलं. ॲपचं खरं इंग्रजी नाव नर्सरीत एकालाही धड म्हणता येईना. आळ्याची मोठी शेड, निरगुडसरची शाखा, फाट्यावरचे आम्ही, टेम्पोवाले, सगळे फोनमध्ये एकाच पानावर. कुठे रोपं तयार, कुठे काय बिघडलं, कोणाला काय हवं, सगळ्यांनी सगळ्यांसमोर लिहायचं. इतकंच.

आत्ता कसं चालतं? निरगुडसरला रिकामे ट्रे कमी पडले की सुवर्णा (तिथलं सगळं तीच बघते) अण्णांना फोन करणार. अण्णा गुंजाळभाऊंना, आळ्याच्या शेडवर. गुंजाळभाऊ मला, मी टेम्पोवाल्या संपतला. संपत मंचर ओलांडतो न ओलांडतो तोच सुवर्णाचा मला फोन, "राहू द्या ताई, मिळालं शेजारून." आणि यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

घरी अब्बांना सांगितलं. बांगड्यांच्या दुकानात जन्म गेला त्यांचा, गिऱ्हाइकाशीसुद्धा हळू बोलतात. म्हणाले, "सबके सामने? बोलेगा कौन?" आणि हसले. मी भात जरा आपटूनच वाढला.

९ जुलै

कट्टा जोरात. सकाळी उघडला तर गुलाब, कमळ, उगवता सूर्य, वाफाळता कप, परत गुलाब. शुभ सकाळ, शुभ सकाळ, सुप्रभात. अण्णांचं, "शुभ सकाळ. कामं नीट करा." त्याखाली अंगठ्यांची रांग.

कामाची एक ओळ नाही. मी लिहिलं, 'आज कुठली रोपं तयार आहेत?' त्यालाही अंगठे. अहो, प्रश्न आहे तो.

१४ जुलै

ऑफिसला दांडी मारून आळ्याला गेले, गुंजाळभाऊंना गाठायला. अण्णांनी पहिली शेड उभारली तेव्हापासूनचा माणूस. बी किती उगवलं, कुठली जात रुसली, सगळं त्यांच्या डोक्यात.

"भाऊ, उगवण कट्ट्यावर लिहीत जा ना."
"लिवायचं कशाला? इचारा की. मी काय पळून चाललोय?"
"सगळ्यांना एकदम कळेल."
"तेच म्हन्तो. समद्यांना एकदम कळलं, मंग माझ्याकडं कोन येईल?"

इतकं सरळ बोलले की मला रागच येईना. दिवसभर कोणी ना कोणी त्यांच्या शेडवर विचारायला येतं. मग चहा होतो, गावाकडचं बोलणं होतं, कोणाच्या पोरीला कुठलं स्थळ आलं ते कळतं. मी त्यांच्या हातातली किटलीच काढून घ्यायला निघालेय. आज मीही दोन कप पिऊन आले.

१८ जुलै, शुक्रवार

आजचा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे.

सकाळी सुवर्णा. दबक्या आवाजात, जसं काही भिंतीपलीकडे अण्णा उभेत. "ताई, तुमाला म्हनून सांगते. टोमॅटोचे बरेच ट्रे बसले." (आमच्यात रोप मेलं म्हणत नाहीत. बसलं म्हणतात.)
"कट्ट्यावर लिही."
"सगळ्यांम्होरं? आळ्याची मान्सं हसतील वं. आमाला आधीच म्हन्त्यात, निरगुडसरला निस्तं गवात उगवतं."

तासाभराने गुं.भाऊ. तेही दबक्या आवाजात. "टोमॅटो बसला. नि.सरला कळू देऊ नका हां. सुवर्णीला लई आनंद व्हईल."

दोन्ही कानांना दोन फोन लावून मधे मी. दोघांचा टोमॅटो एकाच दिवशी बसलाय, दोघं एकमेकांपासून लपवतायत, आणि दोघांनी मला शपथ घातलीय. बियाणं एकच असेल का, हे विचारायचीही सोय नाही. कट्ट्यावर मी मोघम लिहिलं, 'कोणाची रोपं बसली असतील तर इथे कळवा, लाजू नका.'

दोघांचेही अंगठे आले. पहिले दोन.

२३ जुलै

म्हटलं आपणच आधी पाण्यात उतरू. काल एका शेतकरी पाव्हण्याला रोपांची चुकीची तारीख दिली होती. ते कट्ट्यावर लिहिलं, माझ्या नावासकट. चुकले, आज फोन करून दुरुस्त केलं, वगैरे.

कट्ट्यावर शांतता. फोनवर मात्र रीघ. सुवर्णा: "ताई, काढून टाका ते, अण्णा बघतील." संपत: "घरी सगळं ठीक हाय ना?" गुं.भाऊ: "व्हतं असं. पन लिवायचं नस्तं."

माझ्या घरी कोणी गेलंय की काय अशा सुरात बोलत होते सगळे. शेवटी हसू आवरेना.

२९ जुलै, नागपंचमी

नि.सरच्या बायकांनी दुपारी शेडमागच्या चिंचेला झोका बांधला. सुवर्णाने फोटो टाकला, ती स्वतः झोक्यावर, पदर खोचलेला, पाय आभाळात. त्याच्यावर बदामच बदाम. आळ्याच्या बायकांनी लगेच त्यांच्या फुगडीचा टाकला. मग पैज लागली. संपतने टेम्पोच्या आरशात स्वतःचाच फोटो काढून पाठवला, कोणी न विचारता.

अण्णांचा फोन. "कामाच्या जागी ह्ये काय चाललंय?" म्हटलं, अण्णा, तुमचाही बदाम आहे तिथे, फुगडीवर. बोट लागलं म्हणे चुकून, काढायचा कसा? मी सांगितलं नाही. राहू दे की.

काम शून्य, पण लई दिवसांनी आळे आणि नि.सर एकमेकांशी बोलले. मी आज फार खूश आहे, उगीचच.

४ ऑगस्ट

अण्णांना कट्टा आवडायला लागलाय! कारण कळलं तेव्हा आवडलं नाही. इथून हुकूम सोडता येतो. 'गेट लवकर उघडा.' अंगठे. 'शेड झाडून घ्या.' अंगठे. आज मला कौतुकाने फोन दाखवत होते, "बघ, समदे व्हय म्हन्त्यात. एकबी नाय म्हनत नाय."

पेटीपासून वाचले बहुतेक. पण हे असं वाचणं…

६ ऑगस्ट, बुधवार

दुपारी अण्णांचा कट्ट्यावर निरोप: 'उद्या निरगुडसर ढोबळी सगळी.'

ढोबळी मिरची आळ्याच्याच एका शेतकऱ्याची आहे. नि.सरच्या गावडेबाबांचा तर झेंडू. दिवाळीच्या फुलांसाठी वाफे तयार, मल्चिंगचा प्लास्टिक कागद अंथरलेला, लावणीच्या बायका सांगून ठेवलेल्या. हे सगळ्यांना माहीत. शेडच्या कुत्र्यालाही माहीत असेल.

अंगठे पडले. एकामागून एक. मग माझा फोन वाजायला लागला.

सुवर्णा: "ताई, अण्णांचं चुकलंय. तुमी सांगा." गुं.भाऊ: "झेंडू म्हनायचं व्हतं त्यांना. तुमी लिवा." संपत: "मी काय भरू? तुमी म्हनाल ते भरतो. पन अण्णांनी तर…"

आणि मी? लिहिलं, 'अण्णा, झेंडू म्हणायचंय का?' पुसलं. 'अण्णा, एक शंका' लिहिलं. पुसलं. शेवटी त्यांना फोन लावला, जसा सगळे मला लावत होते. अण्णा ओतूरला कोणाच्या तरी दहाव्याला गेलेले, फोन बंद. मग म्हटलं, संपतला तेवढं कळेल.

७ ऑगस्ट

संपतला कळलं होतं. तरी अण्णांचं लिहिलेलं म्हणून त्याने ढोबळीच भरली.

गावडेबाबांच्या बांधावर टेम्पो उघडला. वीसेक बायका पदर खोचून उभ्या, बाबांच्या हातात नारळ, आणि आत हिरवीगार ढोबळी. सुवर्णाचं म्हणणं, बाबा आधी टेम्पोभोवती एक चक्कर मारून आले, मागे झेंडू लपवलाय का बघायला. मग म्हणाले, "बरं हाय. औंदा दाराला ढोबळीचं तोरन." बायका हसून हसून वाफ्यावर बसल्या.

सुवर्णाने सगळ्यांना भेळ आणि चहा दिला. टेम्पो परत. इकडे आळ्याला ढोबळीचा मालक रोपं न्यायला आला तर त्याची रोपं मंचर फिरायला गेलेली. झेंडू दिवस कलताना पोचला, बायकांना उद्या परत यावं लागणार. बाबा चिडले नाहीत, हे आमचं नशीब.

मी आज हसले नाही फार.

८ ऑगस्ट, शुक्रवार

अण्णांनी सगळ्यांना आळ्याला बोलावलं. शेडसमोर उभं केलं. हातात फोन.

"एवढ्यांनी अंगठं दिलं. एकालाबी दिसलं नाय, हितं चुकलंय?"

सगळ्यांचं लक्ष आपापल्या चपलांकडे. शेवटी गुं.भाऊ खाकरले. "अण्णा, अंगठा म्हंजे रामराम."
"आँ?"
"तुमी लिवलं, आमी रामराम केला. मोठ्या मान्साला करायचा ना."
"मंग वाचलं कोनीच नाय?"
"वाचलं की. पन तुमचं लिवल्यालं चारचौघांत खोडायचं कसं?"

अण्णा बघतच राहिले. इतके दिवस ज्याला होकार समजत होते तो नुसता रामराम निघाला. मला त्यांचं वाईट वाटलं आणि त्याच वेळी पोटातून हसू येत होतं, ओठ चावून उभी होते. मग माझ्याकडे वळले. "आन तू? तू तर ह्ये आनलं. तुला दिसलं व्हतं?"

"दिसलं होतं."

"मंग?"

मंग काय. मीही माझ्या चपलांकडे बघितलं.

"गनपती बसला की बंद," म्हणाले. शांतपणे म्हणाले, ओरडले असते तर बरं झालं असतं.

११ ऑगस्ट, सोमवार

शनिवारी राखी, काल बाजार. दोन दिवस डोक्यात तेच. आज जुन्नरच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना लिहून टाकलं:

'अण्णा, सहा तारखेचा तुमचा निरोप चुकला होता. मला वाचताच कळलं. सगळ्यांसमोर लिहायला मी भ्याले. पुन्हा असं दिसलं तर इथेच लिहीन, तुमचं असलं तरी.'

पाठवलं आणि फोन पर्सच्या तळाशी टाकला. नारायणगाव येईपर्यंत काढला नाही.

एकही अंगठा नाही. दिवसभरात एकही फोन नाही. सुवर्णाचासुद्धा नाही. हे काहीतरी वेगळंच आहे.

अब्बांना सांगितलं. हातातल्या बांगड्या पुसून ठेवल्या. मग, "नाम से लिखा?" हो म्हटलं. "बडी हो गयी." एवढंच. मला रडायला आलं, पण आनंदाचं.

१२ ऑगस्ट

सकाळी कट्ट्यावर गुं.भाऊ. पहिल्यांदाच, शुभ सकाळ न म्हणता:

'आळे शेड ३. टोमॅटो परत बसला. पाणी माझं जास्त झालं का बियाणं, कळंना. निरगुडसरचं कसं हाय.'

मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. समोरच्या पाव्हण्याला वाटलं मला विंचू चावला.

चहा ओतायच्या आत सुवर्णा: 'भाऊ आमचंबी बसलं. मला वाटलं आमचंच.'
गुं.भाऊ: 'पाकिटाचा फोटू टाक.'

दोघांचे फोटो. एकच लॉट. उरलेली पाकिटं दोन्हीकडे बाजूला काढली, दुपारपर्यंत दुसरं बियाणं पेरायला घेतलं. जुलैत मला एका सकाळी दोन कानांनी जे कळलं होतं ते त्यांना आज एका मिनिटात कळलं.

संध्याकाळी सुवर्णा त्यांना लिहिते, 'भाऊ, हसला का मग?' त्यांचं उत्तर, 'रविवारी चा प्यायला ये. शेडवर.' किटलीची काळजी मिटली म्हणायची.

१९ ऑगस्ट

आता कट्टा आवरत नाही. जो उठतो तो कबूल करतो.

संपतने बोलून निरोप टाकला, लांबलचक: "मी नारायनगावला मिसळ खायला थांबतो. रोज. पन टेम्पो झाडाखाली लावतो, रोपांना ऊन लागू देत नाय, आईशप्पत." नि.सरचा राखणदार: 'मी दुपारचा झोपतो. पण मोटर बंद करून.' आळ्याच्या एका बाईने लिहिलं की तिला झेंडू आणि टोमॅटोची कोवळी रोपं अजून वेगळी ओळखू येत नाहीत, कोणीतरी दाखवा. तीन जणी म्हणाल्या, आम्हालापण दाखवा.

वाचताना मी ऑफिसात एकटीच हसत बसते. बिलिंगवाली नवी मुलगी पेटीतून माझ्याकडे बघते, तिला फक्त माझं तोंड हलताना दिसत असणार.

२१ ऑगस्ट

अण्णा फाट्यावर आले. बसले. चहा घेतला नाही. म्हणजे गंभीर.

"रेश्मा, आपल्या नर्सरीत एवढं समदं बिघडतं?"
"अण्णा, आधीही बिघडतच होतं."
"आधी तर मला कायबी बिघडल्यालं दिसत नव्हतं. चांगलं चाललं व्हतं."

हसू दाबलं. मग ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सकाळधरनं फोन वाजला नाय माझा. आधी जेवू द्यायचे नायत. आता इचारीत नायत. आपसांतच मिटवत्यात."

हसू गेलं. खरंच की. दिवसभर त्या फोनवर ओरडायचे, वैतागायचे, आणि त्यातच त्यांचा जीव होता. मी हे आणलं तेव्हा गुं.भाऊंच्या किटलीचा विचार केला, अण्णांच्या फोनचा केलाच नाही. म्हटलं, अण्णा, तुम्हीही लिहा ना. तुमचंही कधी काही बिघडत असेल, कधी काही कळत नसेल.

"मी?" म्हणाले. "मी मालक हाय."

उठले आणि गेले. जाताना पेटीकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे.

२५ ऑगस्ट, सोमवार

आळ्याला मीटिंग. अण्णा उभे, आम्ही उलट्या क्रेटवर बसलेले. "परवा गनपती. बोललो व्हतो, चाललं नाय तर बंद. मला वाटतं बंदच…"

"अण्णा, बंद करू नका," सुवर्णा म्हणाली. बसूनच. पदर सावरला नाही, मान खाली नाही.

इतक्या वर्षांत अण्णांचं वाक्य कोणी मधे तोडलेलं मी पाहिलं नव्हतं. गुं.भाऊंनी किटली खाली ठेवली. "माजंबी तेच म्हननं हाय." मग मागून संपत, "माजंबी." मग अजून कोणी. अंगठा कोणीच दाखवला नाही, सगळे तोंडानेच बोलले.

अण्णांचा चेहरा मला वाचता आला नाही. "समदे मला नाय म्हन्ताय?" एवढंच म्हणाले. रागाने की… माहीत नाही. "उद्या सांगतो."
सुवर्णाने विचारलं, "कुटं सांगनार?"
"जिथं तुमी समदे असता तिथं."

उद्या पेटीत पाठवलं तर जाईन, रडत जाईन, पण आजचा दिवस मी कोणाला देणार नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

मुद्दाम आळ्याला आले, फाट्यावर मन लागेना. हे शेडमध्येच लिहितेय, क्रेटवर बसून.

अण्णा सकाळपासून बाहेर गाडीत. दार उघडं, चष्मा कपाळावर, फोन हात लांब करून धरलेला. एकच बोट चाललंय.

कट्ट्यावर नावाखाली अक्षरं आली, 'अण्णा लिहीत आहेत'. नळ चालू होता तो कोणीतरी बंद केला. तिकडे नि.सरला सुवर्णाने सगळ्या बायका गोळा केल्यात, तिने फोटो टाकलाय, सगळ्यांची डोकी एका फोनवर वाकलेली. संपतने टेम्पो कडेला घेतलाय, त्याने तसं कळवलंय.

अक्षरं गेली. निरोप आला नाही.

परत आली. 'लिहीत आहेत'.

परत गेली.

"खोडत्यात," गुं.भाऊ हळूच म्हणाले. "लिवत्यात आन खोडत्यात."

मला वाटलं होतं, हुकूम सोडायला काय लागतं, एक शब्द, बंद. त्याला इतकं खोडावं लागत नाही. हे वेगळं काहीतरी लिहितायत, आणि सगळ्यांसमोर म्हणून पुन्हा पुन्हा पुसतायत. अण्णासुद्धा भितात. माझ्याइतकेच.

एकदा वाटलं, जाऊन विचारावं, काय लिहिताय? उठलेही. गुं.भाऊंनी हाताने खाली बसवलं. "असू द्या. मोठं बोट हाय त्यांचं, येळ लागनारच."

गाडीच्या दाराशी कोणी गेलं नाही. फोन कोणी केला नाही. सगळे थांबलोय.

परत आली अक्षरं.